कोपऱ्यातला शिक्का

दुबईची एक रीत आहे. आधी वाळवंटात पायापासून डोक्यापर्यंत काचेची इमारत उभी करायची, उन्हाळ्यात ती आतून तापली की आश्चर्य व्यक्त करायचं, आणि मग आम्हाला फोन करायचा. आम्ही म्हणजे काचेवर ऊन अडवणारी फिल्म लावणारे. वाळवंटात काचेची घरं बांधावीत ही कल्पना ज्या कोणाच्या डोक्यातून निघाली, त्याचे माझ्या कुटुंबावर फार उपकार आहेत. त्याच्या शहाणपणावर माझ्या मुलीचं शिक्षण झालं.

अल कुसैसमधल्या एका लहानशा फिल्म कंपनीत मी एकोणीस वर्षं काढली. कार्डावर 'टेक्निकल सेल्स एक्झिक्युटिव्ह' असं छापलेलं होतं. म्हणजे पर्समध्ये टेप घेऊन लोकांच्या खिडक्या मोजत हिंडायचं. मी मिरजेची, फिजिक्सची पदवीधर. आपल्याला पदवीमुळे घेतलं असं मला पहिले दोन महिने वाटत होतं. मग आमचे मालक भाटियासाहेब यांनी एका पाहुण्याला मोठ्या अभिमानाने सांगितलं, ''व्हिला में लेडीज के कमरे होते हैं, जेंट्स को अंदर नहीं लेते, इसलिए मॅडम को रखा है.'' झालं. सगळं फिजिक्स एका वाक्यात खलास.

बाहेरच्यांना हा धंदा काय असतो ते सांगते. फिल्म म्हणजे प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, एका बाजूला गोंद, त्यावर एक संरक्षक थर. तो थर सोलायचा, काचेवर आणि गोंदावर साबणाचं पाणी फवारायचं, फिल्म काचेवर अलगद ठेवायची, जागच्या जागी सरकवायची आणि रबरी पट्टीने मधलं पाणी कडेला ढकलून काढायचं. वाढलेली फिल्म ब्लेडने कापायची. साबण म्हणजे बेबी शॅम्पू, कारण त्याने गोंद खराब होत नाही. आमच्या स्टोअरमध्ये बेबी शॅम्पूची खोकीच्या खोकी असायची, आणि कंपनीत एकाचंही मूल शॅम्पूच्या वयाचं नव्हतं.

विकायची पद्धत त्याहून मजेशीर. माझ्याकडे एक पेटी होती. तिच्यात एक दिवा, पुढे दोन काचा, एक साधी आणि एक फिल्म लावलेली. गिऱ्हाइकाने साध्या काचेमागे हात धरला की चटका बसायचा, दुसरीमागे धरला की काहीच नाही. मग गिऱ्हाईक माझ्याकडे अशा नजरेने बघायचं की मला स्वतःचंच कौतुक वाटायचं. त्या दिव्याची उष्णता नेमकी आमची फिल्म जी सर्वांत चांगली अडवते तीच असते, आणि खरं ऊन इतकं समजूतदार नसतं, हे पदवीधर बाई कोणाला सांगायची नाही. खोटं मी बोलत नव्हते. फक्त दिवा निवडलेला होता.

दुसरी गोष्ट उजेडाची. आरशासारख्या फिल्ममधून दिवसा बाहेरच्याला आतलं दिसत नाही, कारण बाहेर उजेड जास्त असतो. मगरिबची अजान झाली, बाहेर अंधार पडला आणि आत दिवा लागला, की सगळं उलटं. मग आतल्याला बाहेरचं दिसत नाही आणि बाहेरच्याला आतला चहाचा कपसुद्धा दिसतो. हे वाक्य मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. नेमकं उठता उठता, पर्स खांद्याला लावताना आणि जरा हळू आवाजात. तोपर्यंत ॲडव्हान्सच्या चेकवर सही झालेली असायची.

आपली माणसं गिऱ्हाईक म्हणून वेगळीच. कुसैसमधल्या एका मराठी गृहस्थांनी हॉलची एक खिडकी करायला मला तीनदा बोलावलं. ''साडेतीनशे दिरहॅम? म्हणजे साडेचार हजार रुपये. साडेचार हजारांत आमच्याकडे अख्खी खिडकी बसते हो, काचेसकट.'' मी म्हटलं, ''मग तिथलीच मागवा की.'' शेवटी सव्वातीनशेत काम झालं आणि दुसऱ्या दिवशी फोन आला, ''फिल्ममध्ये पाण्याचे फुगे आहेत.'' ते असतातच, महिनाभरात वाळतात. हे गृहस्थ महिनाभर रोज सकाळी मला फोन करून फुग्यांची खुशाली कळवत होते. एक दिवस फोन आला नाही तर मला चुकल्यासारखं झालं.

हे झालं हसण्यावारी नेण्यासारखं. आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

आमच्याकडे पाष्टे नावाचे फिटर होते. गजानन पाष्टे, चिपळूणजवळच्या एका गावचे, वय तेव्हा पस्तिशीचं. हेल्पर म्हणून आले होते, बादल्या उचलायला. चार वर्षांत असे तयार झाले की दहा फुटी काचेवर एका दमात फिल्म बसवायचे आणि आत धुळीचा कण सापडायचा नाही. बोलणं कमी. काच बघून झाली की मान हलवायची, म्हणजे होणार. नाही हलवली तर काहीतरी भानगड आहे असं समजायचं. भाटियासाहेबांनी त्यांना शब्द दिला होता की रुवैसला रिफायनरीच्या वसाहतीतल्या घरांचं काम मिळतंय, तिथे तुला फोरमन करून पाठवतो. हेल्पर म्हणून आलेला माणूस आमच्याकडे कधी फोरमन झालेला नव्हता. पाष्ट्यांनी ही बातमी घरी कळवली होती, आणि गावात त्यांना आत्ताच सगळे फोरमन म्हणायला लागले होते. हे त्यांनी मला लाजत लाजत सांगितलं होतं.

तेवढ्यात दोन हजार आठचं ते मंदीचं वादळ आलं. त्याआधी दुबईत कोणी 'किती' असं विचारतच नव्हतं, सगळे फक्त 'कधी' विचारायचे. तीन महिन्यांत सगळं उलटलं. क्रेन जागच्या जागी थांबल्या. रोज कोणीतरी सोफा विकायचा, रोज कोणीतरी 'इंडियाला शिफ्ट होतोय' म्हणून पेढे द्यायचा आणि पेढा खाताना त्याच्याकडे बघवायचं नाही. माझा नवरा विनय एका बांधकाम कंपनीत होता. पुढच्या मार्चमध्ये त्यांनी अख्खा मजलाच्या मजला घरी पाठवला. इमिग्रेशनच्या चकरा मारून, खास परवानगी काढून मी त्याला आणि आठवीतल्या ईशाला माझ्या व्हिसावर घेतलं. म्हणजे माझी नोकरी गेली की तीस दिवसांत तिघांनी गाशा गुंडाळायचा. ईशाला जवळ बसवून हे समजावलं तर ती म्हणाली, ''ओके. बट कॅन आय फिनिश द टर्म?'' मी हो म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले कोण जाणे.

आणि अशा दिवसांत आम्हाला एक मोठं काम मिळालं. इंटरनॅशनल सिटीच्या पलीकडे अकरा मजल्यांची नवी इमारत. पूर्ण झाली होती, भाडेकरू नव्हते. एकही नाही. तिचा मॅनेजर समीर, नेहमी इस्त्रीच्या शर्टात, कायम दोन फोन. मी विचारलं, ''किती उष्णता कमी करायची आहे?'' तो म्हणाला, ''मॅडम, उष्णता नाही. रस्त्यावरून आतलं दिसतं. रिकामं दिसतं. रिकामं दिसलं की कोणी येत नाही. मला सर्वांत काळी फिल्म पाहिजे.''

मी आयुष्यात खूप काही झाकण्यासाठी फिल्म विकली होती. रिकामेपणा झाकायला पहिल्यांदाच विकत होते. पण गिऱ्हाईक होतं, आणि भाटियासाहेब गिऱ्हाइकाचं तोंड विसरायला लागले होते. ''यल्ला, चलो मॅडम, इसी हफ्ते ग्लास चेक करो,'' ते म्हणाले. ''ये काम हुआ तो रुवैस का भी पक्का.''

हा ग्लास चेक म्हणजे आमच्या धंद्याचं मूळ. काळी फिल्म ऊन परत फेकत नाही, स्वतः पिते, आणि पिऊन काच तापवते. काचेचा मधला भाग तापून पसरतो, पण चौकटीत दडलेली कडा गारच राहते. ओढाताण होते आणि साधी काच कडेपासून तडकते. भट्टीत पुन्हा तापवून कडक केलेली काच, जिला टफन्ड म्हणतात, ती हे सहन करते. ओळखायची खूण सोपी आहे. टफन्ड काचेच्या एका कोपऱ्यात बारीक शिक्का कोरलेला असतो. तो पुसता येत नाही. नियम असा की काळी फिल्म विकण्याआधी प्रत्येक मजल्यावर जायचं, शिक्का बघायचा, फॉर्म भरायचा, सही करायची. तो फॉर्म असला तरच पुढे काच फुटली तर फिल्म बनवणारी कंपनी भरपाई देते.

जूनची दुपार होती. इमारतीला वीज जोडलेली नव्हती, लिफ्ट बंद. पहिला मजला बघितला, प्रत्येक कोपऱ्यात शिक्का. दुसरा, शिक्का. तिसरा, शिक्का. तिसऱ्या मजल्यावर मी जिन्यात बसले. माझा कुडता पाठीला चिकटला होता, पाण्याची बाटली संपली होती आणि विनयचा दुपारी एक इंटरव्ह्यू होता, त्याचा फोन यायचा होता. मी विचार केला, एकाच इमारतीत दोन प्रकारच्या काचा कोण कशाला लावेल. तिथेच बसून फॉर्म भरला. 'मजले एक ते अकरा, सर्व काचा टफन्ड, प्रत्यक्ष पाहणी केली.' खाली सही केली. माझी सही फार छान येते.

कोण कशाला लावेल? मंदीत पैसे संपलेला बिल्डर लावेल. पाचव्या मजल्यापर्यंत चांगली काच लावून झाली, मग हात आखडला आणि वरच्या सहा मजल्यांना साधी काच बसवली. हे कळायला फिजिक्सही लागत नाही. फक्त सहावा मजला चढावा लागतो.

काम सुरू झालं. पाष्टे आणि त्यांची माणसं रोज पहाटे जायची. बारा दिवसांनी, मी ईशाला शाळेतून घ्यायला गेले होते, गाडीत बसले होते, आणि पाष्ट्यांचा फोन आला.

''मॅडम, सहाव्यावर आलोय. इथे कोपऱ्यात शिक्का नाय.''

''नीट बघा.''

''बघितला. चारी कोपरे बघितले. सातव्यावर जाऊन आलो. तिथे पण नाय.''

आता आठवतं, तेव्हा समोरून ईशा दप्तर ओढत येत होती आणि विनयला आदल्याच दिवशी तिसऱ्या ठिकाणाहून नकार आला होता. काम थांबवायचं म्हणजे भाटियासाहेबांना सांगायचं की मी वर गेलेच नव्हते.

''पुसला गेला असेल,'' मी म्हणाले. ''लावा तुम्ही.''

कोरलेला शिक्का पुसला जात नाही, हे त्यांना मीच शिकवलं होतं.

''बरं, मॅडम,'' ते म्हणाले.

काम अप्रतिम झालं. काळी कुळकुळीत इमारत, रस्त्यावरून बघितलं तर आत माणसं राहतात की भुतं, काही कळत नव्हतं. समीर खूश. मग वीज आली. आणि समीरला एक कल्पना सुचली. संध्याकाळी रिकाम्या घरांतून दिवे लावायचे, म्हणजे वस्ती आहे असं वाटेल. वॉचमन मगरिबनंतर एकेक दिवा लावत वर गेला, आणि समीर रस्त्यावर उभा राहून बघायला लागला. मी पर्स खांद्याला लावताना हळू आवाजात सांगितलेलं वाक्य त्याला तेव्हा समजलं. अकरा मजल्यांच्या रिकाम्या खोल्या, रंगाचे डबे, भिंतीला टेकवलेली शिडी, सगळं रस्त्यावरून लख्ख दिसत होतं. दिवसा लपवलेलं सगळं संध्याकाळी प्रदर्शनाला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने ड्रॅगन मार्टमधून पडदे आणले. जाड, चॉकलेटी, सगळ्या मजल्यांना. काचेला अगदी लागून सोडले, रात्रंदिवस बंद. मला कळलं तेव्हा पडदे लागून महिना झाला होता. काळी फिल्म, त्यामागे जाड पडदा, मध्ये कोंडलेली हवा. साध्या काचेला मारायची याहून चांगली तयारी मला पगार देऊन सांगितली असती तरी जमली नसती. तेव्हा तरी बोलायचं होतं. मी समीरला फोन केला आणि म्हणाले, पडदे छान दिसतात.

डिसेंबरात रात्री गार व्हायला लागल्या. गार झालेल्या काचेवर सकाळचं पूर्वेचं ऊन थेट पडायचं. एका आठवड्यात सहाव्या, आठव्या आणि नवव्या मजल्यावर मिळून चार काचा तडकल्या. एक मात्र मान्य करावं लागेल, आमच्या फिल्मने फुटलेली काच घट्ट धरून ठेवली, एक तुकडा खाली पडू दिला नाही. ब्रोशरमध्ये तसं लिहिलेलंच आहे.

मी आणि पाष्टे बघायला गेलो. या वेळी लिफ्ट चालू होती. उन्हाने तडकलेल्या काचेची एक खूण असते. तडा कडेपासून सुरू होतो आणि चौकटीशी बरोबर काटकोन करून आत येतो, मग वाकडातिकडा पळतो. काही लागून फुटली तर असं होत नाही. चारही काचांना काटकोन होता. पाष्ट्यांनी एका तड्याच्या सुरुवातीला बोट लावलं आणि माझ्याकडे बघितलं. मी कॅमेरा काढला.

भाटियासाहेबांनी केबिनचं दार लावून मला विचारलं, ''आप ऊपर गयी थीं?'' मी नाही म्हणाले. एवढं एक खरं मी बोलले. त्यांनी डोकं धरलं. मग त्यांनी हिशेब मांडला, आवाज न चढवता. फॉर्म खोटा निघाला तर फिल्मवाली कंपनी भरपाई देणार नाही, आमची एजन्सी काढून घेणार, दुकान बंद, चौदा माणसं घरी. आणि पहिली मी. ''लेकिन ब्लेड लगने से भी ग्लास टूट सकता है,'' ते म्हणाले. ''फिटर का हाथ है, लग जाता है.''

कडा चौकटीच्या आत असते. ब्लेड तिथपर्यंत पोचतच नाही. हे त्या केबिनमध्ये बसलेल्या दोघांनाही माहीत होतं.

पाष्ट्यांना आत बोलावलं. भाटियासाहेबांनी विचारलं, ''पाष्टे, फिल्म काटते टाइम किनारे को ब्लेड लगा था क्या?''

पाष्ट्यांनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. मी समोरच्या फॉर्मवर, माझ्याच सहीवर, नजर ठेवून बसले.

''लगा होगा,'' पाष्टे म्हणाले.

रिपोर्ट मी लिहिला. फोटो मीच निवडले, काटकोन दिसणार नाही असे कापून. एरवी फिल्मवाल्या कंपनीचा इन्स्पेक्टर प्रत्यक्ष येऊन बघायचा, पण मंदीत त्यांचाही प्रवासखर्च बंद झाला होता. कागद बघून त्यांनी कळवलं की फिटरची चूक आहे, फिटरवर कारवाई करा, या वेळी काचा आम्ही बदलून देतो. सहाव्यापासून वरच्या सगळ्या खिडक्यांची काळी फिल्म आम्ही गुपचूप काढून फिकी लावली. सगळं सुरळीत झालं. पाष्ट्यांचा व्हिसा कॅन्सल झाला, पत्रात कारण लिहिलं होतं 'कामातील निष्काळजीपणा'. दुबईत फिल्मच्या मोजून दहा-बारा कंपन्या, सगळे एकमेकांना ओळखतात. ते पत्र घेऊन त्यांना कोणी दारात उभं करणार नव्हतं. रुवैसला फोरमन म्हणून दुसऱ्याला पाठवलं. त्या माणसाला शॅम्पू किती घालायचा हेही माहीत नव्हतं.

जायच्या दिवशी पाष्टे माझ्या टेबलाशी आले. पट्ट्या, ब्लेड, फवारा, सगळं मोजून ठेवलं. मी कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप करत होते. काय ते आठवत नाही, बहुधा काहीच नाही. ते थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, ''येतो, मॅडम.'' मी म्हणाले, ''इन्शाल्ला, परत भेटू.'' काय वाटेल ते बोलतो माणूस.

ईशाने ती टर्म पूर्ण केली, शाळा पूर्ण केली. विनयला वर्षाने नोकरी लागली. मी सीनियर झाले. पुढची तेरा वर्षं मी नव्या मुलामुलींना ग्लास चेक शिकवला. प्रत्येक मजला, प्रत्येक कोपरा, लिफ्ट असो वा नसो. त्यांना वाटायचं, बाई फार तत्त्वाची आहे. निरोपसमारंभाला कंपनीने मला काचेचं स्मृतिचिन्ह दिलं. साधी काच होती. कोपरे मी लगेच बघितले.

आता मिरजेत फ्लॅट घेतला आहे. हॉलची खिडकी पश्चिमेची, मोठी, एकाच काचेची. एकोणीस वर्षं लोकांना पश्चिमेची खिडकी घेऊ नका म्हणून सांगितलं आणि स्वतः घेतली. गेल्या उन्हाळ्यात एका जुन्या फिटरकडून पाष्ट्यांचा नंबर मिळाला. चिपळूणला त्यांचं काचेचं दुकान आहे. फोन केला, खिडकीला फिल्म लावायची आहे म्हणाले. मिरजेत काय फिल्म लावणारे मिळत नाहीत? पण ते काही न विचारता म्हणाले, पुढच्या आठवड्यात सांगलीला माल घ्यायला येणार आहे, येऊन बघतो.

आले. केस पांढरे झाले आहेत, चष्मा लागला आहे. विनयने पाणी दिलं. पाष्टे बसले नाहीत, आधी खिडकीशी गेले. टॉर्च काढून चारही कोपरे बघितले. वरच्या फ्लॅटच्या बाल्कनीची सावली काचेच्या अर्ध्या भागावर कशी पडते ते बघितलं. मी सोफ्यावर बसून बघत होते. त्यांनी मान हलवली नाही.

''कोणती लावायची म्हणता?'' त्यांनी विचारलं.

''काळी. सर्वांत काळी.''

''नाय बसणार, मॅडम. साधी काच आहे. वर सावली, खाली ऊन. तडकेल.''

''पाष्टे,'' मी म्हणाले, ''दुबईतल्या त्या काचा माझ्यामुळे फुटल्या होत्या. मी वर गेलेच नव्हते.''

''ठाऊक आहे.''

''मग 'लगा होगा' का म्हणालात?''

त्यांनी टॉर्च बंद करून खिशात ठेवला. राग नव्हता त्यांच्या आवाजात. असता तर बरं झालं असतं.

''मला वाटलं, मी असं म्हटल्यावर तरी तुम्ही बोलाल,'' ते म्हणाले.

मी रडले. साठीची बाई, गिऱ्हाईक म्हणून बोलावलेल्या माणसासमोर. विनय आत निघून गेला. पाष्टे चहा होईपर्यंत थांबले, चहा प्यायले, मुलगा दुकानात बसतो म्हणून सांगितलं. मी म्हटलं, काळी नको, दुसरी कोणतीही लावा, तुम्ही म्हणाल ती. ते म्हणाले, ''या खिडकीला मी काय लावणार नाय, मॅडम.'' बघायला आल्याचे पैसे देऊ केले, तेही घेतले नाहीत. दारात चपला घालताना म्हणाले, ''पडदा लावा. पण काचेपासून चार बोटं लांब ठेवा.''

पडदा लावला आहे, चार बोटं लांब, टेपने मोजून. दुपारी तीन वाजता ऊन त्या फटीतून बरोबर माझ्या खुर्चीवर येतं आणि साडेपाचपर्यंत तिथेच असतं. विनय रोज म्हणतो, खुर्ची जरा बाजूला घे. मी घेतलेली नाही.